खिळ्यांचे व्रण

पहाटेच्या मिस्साहून आलो, तरी मन योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातच आहे. कबरेपाशी मग्दालीया मरीया रडतेय. समोर येशू उभा, तिला वाटतं हा माळीच. मग तो नुसती नावाने हाक मारतो. बाईच्या साक्षीला फारशी किंमत नसलेल्या त्या काळात येशू उठल्याची बातमी सर्वांत आधी तिच्या हाती सोपवली गेली! रचलेली गोष्ट असती तर कुणी अशी रचली नसती, असं मला ठाम वाटतं.

आणि उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच. शिष्य थोमाला ते दिसले. पौलाने करिंथकरांना बजावलंच होतं, ख्रिस्त उठला नसेल तर आपल्या श्रद्धेत काही उरत नाही.

ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत, 50 दिवसांचा. या दिवसांत, यंदा ज्यांच्या घरचं माणूस गेलंय, त्यांच्याकडे पुनरुत्थानाची आशा घेऊन जरूर जाऊन या.