बुडीत खातं

जुनी होडी आणि जुनं कर्ज यांत फरक एवढाच, की कर्ज बुडालं तर धोतर भिजत नाही. आमच्या आबाकाकांनी निवृत्तीनंतर वडिलांची शिडाची होडी दुरुस्त करवून घेतली. फंड त्यात गेला आणि काकूंनी अबोला धरला. नारळी पौर्णिमा झाल्यावर भाट्याच्या खाडीत होडी लोटली. तासाभरात आत घोटाभर पाणी! "बुडाला हो फंड!" म्हणून काकूंनी अबोला सोडला.

मिस्त्री शांतपणे विडी ओढत होता. "काका, लाकूड वर्षानुवर्षं सुकलंय. पाणी पिऊन फुगलं की फटी मिटतील."

स्वीडनच्या राजाचं 'वासा' जहाज १६२८ साली पहिल्याच फेरीत मैलभरही न जाता बुडालं. पण ते वरच्या अंगाला जड होतं. आमची होडी नुसती तहानलेली!

दोन दिवस आम्ही डबड्यांनी पाणी उपसलं. तिसऱ्या दिवशी गळती थांबली, तर शिडाची दोरी कप्पीत अडकली. ती सुटली, तर सुकाणू कुरकुरू लागलं. त्याला तेल पाजलं. चौथ्या दिवशी काकू पदर खोचून होडीत येऊन बसल्या.

"मुद्दल तर पाण्यात गेलंच," त्या म्हणाल्या, "निदान व्याज तरी बघू."