पायांची वळवळ आणि लोहाची शिल्लक

वस्तीतल्या माय-बहिणींकडून ही तक्रार आम्ही कितीदा तरी ऐकली आहे. दिवसभर काही नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावले चालले की बरे वाटते, पडले की पुन्हा तेच. मग कुणी पोटऱ्यांना फडके करकचून बांधते, कुणी लेकराला पायांवर उभे करते. वर म्हातारी माणसे बजावतात, पाय हलवू नको, घरात दारिद्र्य येते! दारिद्र्य कुठून येते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

या आजाराला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबोम या डॉक्टरांनी 1945 मध्ये त्यावर सविस्तर लिहिले.

आमच्या सहचारिणीला हाच त्रास. हिमोग्लोबिन 12 भरले, तेव्हा एका दवाखान्यात 'मनाचे खेळ' म्हणून बोळवण झाली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी फेरिटीन तपासायला लावले. ते निघाले 14. आम्ही पडलो कारकून, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातली रोकड, फेरिटीन म्हणजे पासबुकातली शिल्लक. रोकड दिसत असली तरी शिल्लक संपत आलेली असू शकते. मेंदूला डोपामिन नावाचे रसायन बनवायला लोह लागते. ते कमी पडले की पायांची ही तळमळ सुरू होऊ शकते. पाळी आणि बाळंतपणे यांत बायकांचे लोह जास्त खर्च होते. लॅबच्या कागदावर 20-30 आकडासुद्धा 'नॉर्मल' छापून येतो, पण या आजारात फेरिटीन 75 पर्यंत असले तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात.

गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. मात्र तपासणीशिवाय लोह घेऊ नका. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवतात, त्यांच्या अंगात ते आधीच साठलेले असू शकते. सर्वांचेच दुखणे लोहाचे नसते. काही घराण्यांत ते पिढीजात चालते, आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी वाढतेही.

शिबिरात कुणी भगिनी रात्रीच्या वळवळीचे बोलली, की तिच्या केसपेपरवर आम्ही आता 'फेरिटीनबद्दल डॉक्टरांना विचारा' एवढे लिहून देतो.