थंय तर फोनच नाय!

मालवण तालुक्यातल्या जुन्या घरात टेलिफोनची वायर कुठून कुठे गेली आहे हे बघत गेलं, की त्या घराचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास हाती लागतो. पहिला फोन पडवीत, कारण शेजारपाजारच्यांचे मुंबईचे फोनही तिथेच यायचे. दुसरा माजघरात, कारण घरातल्या बायकांना चारचौघांत बोलायची चोरी. मुलाचं लग्न झालं तेव्हा माडीवर तिसरं सॉकेट. तिथून एक वायर खिडकीबाहेर पडते, दोन माडांचा आधार घेत परसातल्या मांगरापर्यंत जाते. भाऊ वेगळे झाले त्या वर्षी चुली दोन झाल्या, लाइन मात्र एकच राहिली. नवा फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तेव्हा एका नंबरवर चार फोन वाजवणं ही चैन नव्हती. ही कामं गावातलाच वायरमन किंवा हौशी पुतण्या करायचा, आणि ती उत्तम चालायचीही.

चालायची, कारण माणसाचा आवाज फार मागत नाही. टेलिफोनवरचं बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मावतं. एक्स्चेंजमधून येणाऱ्या ४८ व्होल्टला वाट मिळाली की झालं. वायर कसली आहे, सांधा कसा मारलाय, याची आवाजाला पर्वा नसते. बेलची वायर, स्पीकरची वायर, अगदी इस्त्रीची जुनी वायर लावून बोलणारी घरं मी पाहिली आहेत.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि याच तांब्याच्या जोडीवरून इंटरनेट घरात आलं. आदल्या वर्षीच्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँड म्हणायला २५६ केबीपीएस पुरेसे ठरवले होते. तेवढा वेग गंजलेल्या वायरीवरूनही मिळायचा, म्हणून पहिली काही वर्षं कुणाची तक्रार नव्हती. पुढे पॅकेज २ एमबीपीएसचं झालं, ८ चं झालं, आणि घरोघरच्या भिंतींतले दोष उघडे पडू लागले. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावी आले, तेव्हा तर माझा फोन दिवसभर खाली ठेवायची सोय राहिली नाही.

तक्रार नेहमी एकाच दिशेला बोट दाखवते: एक्स्चेंज. कधी ती खरीही असते. पण माझ्या अनुभवात खांबावरून वायर घरात शिरते त्या ठिकाणापासून आतच जास्त वेळा दोष सापडतो, आणि तो ओळखायला कुणाची वाट बघावी लागत नाही. मोडेम उचलायचा, वायर घरात येते तिथल्या पहिल्या डबीपाशी न्यायचा, पुढे जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवायच्या आणि फक्त मोडेम जोडायचा. मग मोडेमच्या पानावर दोन आकडे बघायचे. लाइन अटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला. २०-२५ डेसिबल असेल तर लाइन छान, ६० च्या आसपास गेला तर तुम्ही एक्स्चेंजपासून फारच लांब आहात. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन, गोंगाटाच्या वर सिग्नलला किती जागा उरली त्याचा. तो ६ च्या खाली आला की लाइन तुटत राहते. सगळ्या वायरी सोडवल्यावर मार्जिन चांगलं वर गेलं आणि वेग दुप्पट झाला, तर एक्स्चेंजला शिव्या देणं थांबवायचं. ही तपासणी मोबाइलवर करू नये, लॅपटॉप केबलने जोडून करावी. आमच्याकडच्या चिऱ्याच्या जाड भिंती, त्यातून पावसात त्या पाणी पितात, मग वाय-फाय पलीकडच्या खोलीत पोचता पोचता दमतो आणि दोष लाइनवर येतो.

आता मुख्य गुन्हेगाराकडे येतो. तो म्हणजे वापरात नसलेली वायर. वरच्या तपासणीत मी ती सोडवली की घरमालक हमखास म्हणतात, "थंय तर फोनच नाय! मगे ती वायर काय खाता?"

खाते, आणि भरपूर खाते. तांब्यावरच्या या ब्रॉडबँडचा, म्हणजे एडीएसएलचा सिग्नल आवाजाच्या पट्ट्याच्या खूप वर, साधारण २५ किलोहर्ट्झपासून सुरू होतो आणि एडीएसएल-२ प्लसमध्ये २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. इतक्या वरच्या लहरींना वायरीच्या टोकाला फोन आहे की नाही याने फरक पडत नाही. समोर फाटा दिसला की त्या त्यात शिरतात. टोकाला काहीच नसलं की तिथून आपटून परत फिरतात. पावसाळ्यात बंदराच्या धक्क्यावर आपटून परतणारी लाट समोरून येणाऱ्या लाटेला कशी मारते, ते मालवणात कुणाला सांगायला नको. तांब्यातून सिग्नल सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मांगरापर्यंतची वायर ५० मीटर असेल तर जाऊन येऊन १०० मीटर, म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद. एक मेगाहर्ट्झच्या लहरीचा अर्धा हेलकावा बरोबर तेवढ्याच वेळात होतो. परतलेली लहर नेमकी उलट्या पावलावर येऊन मूळ लहरीला खाऊन टाकते. मोडेम त्या संपूर्ण पट्ट्याचे ४.३ किलोहर्ट्झचे ५१२ कप्पे करतो आणि ज्या कप्प्यात जेवढी स्वच्छता तेवढी माहिती भरतो. एका कप्प्यात जास्तीत जास्त १५ बिट. एक मेगाहर्ट्झच्या आसपासचे कप्पे त्या रिकाम्या वायरीमुळे जवळजवळ रिकामेच जातात. तीच वायर दहा-बारा मीटरची असती तर ही खाच पट्ट्याच्या बाहेर पडली असती आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणूनच फ्लॅटमध्ये हा दोष कमी आणि वाडीतल्या ऐसपैस घरात जास्त.

दुसरी गोष्ट पिळाची. टेलिफोनच्या चांगल्या केबलमध्ये दोन तारांना एकमेकींभोवती पीळ असतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि मोडेम दोन्हींमधला फरकच वाचत असल्यामुळे तो गळून जातो. बाजारातली चपटी जोडवायर बिनपिळाची. पंखा-बल्ब-मिक्सरच्या लाइनीला खेटून ती नेली की घरातला सगळा विजेचा खरखराट मोडेमच्या कानात. शिवाय मध्यम लहरींवरचा रेडिओही याच पट्ट्यात येतो, आणि माडावरून गेलेली लांब वायर नकळत एरियलचं काम करते.

समुद्रकाठची खारी हवा आपला वेगळा हिशोब चालवते. देवबाग, तारकर्ली, तळाशील इकडच्या घरांत डबी उघडली की पितळी स्क्रूभोवती हिरवा गंज दिसतोच. मुंग्यांचं वारूळ आणि पालीची अंडी हा वर नजराणा. काळी टेप गुंडाळून मारलेल्या सांध्याची टेप उन्हात सुटते आणि आत पाणी बसतं. असा सांधा रात्रीच्या पावसात मरतो आणि सकाळी ऊन पडलं की जिवंत होतो, त्यामुळे तक्रार करणारा नेहमी खोटा पडतो. "तुमी इलास की बरा चलता" हे वाक्य मला पाठ झालंय. अर्धवट गंजलेल्या सांध्याची आणखी एक खोड आहे: फोन उचलला की वाहणाऱ्या करंटने तो थोडा वेळ सुधारतो. फोन उचलल्यावर नेट तुटत असेल तर आधी आवाज आणि नेट वेगळे करणारा फिल्टर तपासावा, उचलल्यावर सुधारत असेल तर सांधा शोधावा. जोडीतली एक तार पूर्ण तुटली तर फोन मुका होतो, पण नेट कधीकधी रखडत का होईना चालतं. ते पाहून भल्याभल्यांची मती गुंग होते.

सुदैवाने यावर भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि भावाच्या घरची वायरही कापावी लागत नाही. ही दुसरी गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ज्या वायरीने दोन घरं जोडली आहेत तिला पक्कड लावायला सांगितली की विषय तांब्याचा राहत नाही. वायर घरात शिरते तिथेच स्प्लिटर बसवायचा. त्याच्या एका तोंडातून चांगल्या पिळाच्या केबलने सरळ मोडेम, आणि फोनच्या तोंडातून माजघर, माडी, मांगर, भाऊ सगळे. स्प्लिटर वरच्या लहरींना त्या बाजूला जाऊच देत नाही, त्यामुळे तिकडे कितीही फाटे असले तरी मोडेमला ते दिसत नाहीत. दोन्ही घरांत बेल वाजत राहते. सांधे जेली भरलेल्या कनेक्टरने मारावेत, स्क्रूवर थोडं व्हॅसलीन लावावं.

उघड्यावरून गेलेली वायर मात्र उपयोगाची नसेल तर काढाच. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस इथे विजा घेऊनच येतो, आणि वीज जवळ कुठे पडली तरी त्या लांब तारेत झटका उतरतो. मोडेम जळण्याचं तेच मोठं कारण.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात खांब आडवे झाले, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी तांबं पुन्हा चढलंच नाही, फायबर आलं. फायबरला यातला एकही रोग नाही. पण डबा पुन्हा पडवीतच बसतो, कारण भिंतीला जुनं भोक तिथेच असतं. मग माजघरात वाय-फाय येत नाही म्हणून रिपीटर आणतात. स्वस्तातला रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा एक लॅन केबल माडीपर्यंत ओढावी. जुनी टेलिफोन वायर पाइपातून गेली असेल तर तिच्याच टोकाला नवी केबल बांधून दुसरीकडून खेचता येते. गाठीवर टेप घट्ट मारा, मध्येच सुटली तर चिरा फोडावा लागेल. मांगरापर्यंत मात्र पुन्हा तांबं नेऊ नका. तिथे फायबरच न्यावी, तीही आत लोखंडी तार नसलेली, म्हणजे विजेची भीती उरत नाही.