धाव

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण सारे जाणतो; पण बैलगाडीची धाव कुठे असते, असे विचारले तर शहरातला शहाणा माणूस गोंधळून जाईल. ही धाव स्वतः पळत नाही, चाकाला पळवते. मधे बाभळीचा तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर गोलाकार बसवलेले पाटे, आणि या साऱ्या मंडळींना बाहेरून कवेत घेणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. एकत्र कुटुंबातल्या आजीसारखी! तिचे अस्तित्व कुणाला जाणवत नाही. पण ती सैल पडली की घरभर खडखडाट सुरू होतो.

आमच्या सोलापूरकडचा उन्हाळा हा धावेचा मोठा वैरी. पारा ४० अंशांच्या वर चढला की काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे बिचाऱ्या लाकडाची काय कथा! मग गाडीवान सीनेच्या पात्रात पाणी असेल तिथे गाडी उभी करून चाके भिजवतो. लाकूड फुगते, धाव पुन्हा घट्ट बसते. तेवढ्याने भागले नाही तर फटीत पाचर ठोकायची. आणि तीही निसटू लागली की लोहाराचे दार गाठायचे.

एका वैशाखात आमच्यावर तीच पाळी आली. थोरल्या अक्काचे लग्न ठरले होते. ज्वारीची पोती सोलापूरच्या बाजारात गेल्याशिवाय बस्ता बांधता येणार नव्हता, आणि नेमकी गाडीची धाव निसटू लागली. काका म्हणाले, "लोखंड ताणलंय. नवी धाव घालून टाकू." वडिलांनाही ते पटले होते. लोहाराने मात्र घाई केली नाही. त्याने हातोडीने एकेक आरा वाजवून पाहिला, पाट्यांवर नख रोवले आणि म्हणाला, "अण्णा, लोखंड न्हाई वाढलं, लाकूड आकसलंय. त्यातून दोन पाटे किडलेत. त्यावर नवी धाव आवळली, तर ती चाकालाच चिरडंल."

सुताराने दोन पाटे नवे घातले. मग लोहाराने दोरीने चाकाचा घेर मोजला, जुनी धाव कापून घेरापेक्षा किंचित तोकडी केली आणि पुन्हा सांधली. यात सारी कसोटी त्या 'किंचित'ची. धाव फार तोकडी झाली तर सांधे पिचतात, सैल राहिली तर वाटेत निसटते. पाच फुटी चाकाचा घेर पावणेसोळा फूट. एवढी धाव लालसर तापली की इंचभराहून थोडी जास्त वाढते. या इंचाच्या आतच लोहाराचे शास्त्र! गोवऱ्यांच्या कड्यात धाव तापली, तिघांनी सांडशींनी उचलून ती चाकावर चढवली, वरून घागरी ओतल्या. वाफेचा लोट उठला, आणि कुरकुरत, कण्हत सारे सांधे एकमेकांत शिरले. तिसऱ्या दिवशी पोती बाजारात पोचली, आणि अक्काचा बस्ताही बांधला गेला.

माझा एक पुतण्या कॅनडात असतो. १९५९ साली तिथे 'स्की-डू' ही बर्फावरची गाडी बाजारात आली, आणि तशा गाड्या आज तिकडे पुष्कळ आहेत. त्यांना मागे चाकांऐवजी रबराचा फिरता पट्टा असतो, आणि निसरड्या बर्फावर पकड यावी म्हणून काहीजण त्यात अणकुचीदार खिळे बसवतात. खिळा उपटला की रबर फाटते. अशा वेळी डागडुजी करायची की पट्टाच बदलायचा, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "वरचं रबर फाटलं तर सांधता येतं, काका. आतले धागे तुटले असतील तर मात्र बदलावाच लागतो." मला आमचा लोहार आठवला. बर्फ निराळा, माती निराळी. पण आधी आत पाहावे, हे दोन्हीकडे सारखेच.

आता बैलगाडीलाही रबरी टायर आले. खडखड गेली, आणि धाव चढवणारा लोहार शोधावा लागतो. तरी दिवाळीला पांगलेले घर एकत्र जमते आणि कुठेतरी खडखड ऐकू येते, तेव्हा माझा हात नकळत त्या हातोडीकडे जातो. सैल पडलेल्याला बोल लावण्याआधी आकसले कोण, ते पाहावे. पुष्कळदा नवे लोखंड लागतच नाही. घागरभर पाणी पुरते.