न पाहणारांची वर्गणी

महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं दुधनीच्या आमच्या घराच्या ओट्यावर आमचा एक जुना विद्यार्थी पावतीपुस्तक घेऊन येऊन बसतो. केबलची वर्गणी वसूल करणें हा त्याचा व्यवसाय. आठवडाभर आम्ही नोकरीनिमित्त सोलापुरास असतों व शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीनें घरीं येतों, हें ठाऊक असल्यामुळें तो नेमका रविवार गांठतो. वीस वर्षांपूर्वीं आमच्या इंग्रजीच्या तासाला तो शेवटच्या बांकावर बसत असे. कबड्डीच्या मैदानावर मात्र त्याला मागें बसवण्याची कोणाची छाती नव्हती. तो चढाईला निघाला म्हणजे समोरच्या कोपऱ्यांतील गडी आपोआप एक पाऊल मागें घेई. आतां ओट्याची पायरी चढतांना तो डावा पाय आधीं ठेवतो आणि उजवा मागाहून उचलून घेतो.

परवां आम्हीं त्याच्याजवळ सहज तक्रार केली. दुधनीचें घर म्हणजे दोन भाषांचें घर. आमच्या मातोश्रींना कानडी मालिका हव्यात, मुलांना मराठी; त्यामुळें दोन्हीं भाषांच्या वाहिन्यांचे पैसे आम्ही निमूटपणें भरतों. परंतु यादींत खेळाच्याहि चार-पांच वाहिन्या होत्या, आणि आमच्या घरीं खेळ पाहणारें कोणीहि नाहीं. “एवढ्या काढून टाक, बाबा,” असें आम्ही म्हणालों. तो हंसला. “सर, तें वेगळं निघत नाही बघा. गठ्ठ्यांतच येतंय.”

कायद्यानें तें निघतें. १ फेब्रुवारी २०१९ पासून जे नवे नियम अमलांत आले त्यांनीं ग्राहकाला एकेक वाहिनी निवडण्याचा अधिकार दिला. १९ रुपयांहून अधिक किंमतीची वाहिनी गठ्ठ्यांत बांधूं नये अशी मर्यादाहि घातली. परंतु हव्या तेवढ्याच वाहिन्या सुट्या निवडून बेरीज केली कीं ती गठ्ठ्यापेक्षां जास्तच भरते. म्हणजे खेळ कायद्यानें निघतो, हिशेबानें निघत नाहीं. आम्हीं मुकाट्यानें पैसे मोजले; मात्र ह्या ‘गठ्ठा’ शब्दानें आम्हांस एकदम अमेरिकेंत नेऊन पोंचविलें.

आमचा भाचा ओहायो राज्यांत कोलंबस येथें असतो. त्याच्याकडे कांहीं महिने राहण्याचा योग आम्हांस आला होता. तेथील विद्यापीठाच्या फुटबॉलच्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक माणसें बसतात. (एका विद्यापीठाच्या क्रीडांगणांत! आमच्या कॉलेजच्या मैदानावर संमेलनाच्या दिवशीं पांचशें खुर्च्या मांडतांना आमची तारांबळ उडते.) भाच्याला त्या खेळांतलें ओ कीं ठो कळत नाहीं. तरीहि त्याच्या केबलच्या बिलांत अनेक वर्षें त्या खेळाचे पैसे लागत असत. ते कां लागतात ह्याचा शोध घेण्यांत आमच्या दुपारी बऱ्या गेल्या.

तेथें विद्यापीठांचे संघ आहेत. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. ओहायोचें विद्यापीठ ‘बिग टेन’ नांवाच्या संघांत आहे. नांव दहांचें असलें तरी २०२४ पासून त्यांत अठरा विद्यापीठें आहेत. जेथें गणिताचे पदवीधर तयार होतात तेथेंच हा घोटाळा चालावा ह्याची मौज वाटते. २००७ च्या ऑगस्टमध्यें ह्या संघानें फॉक्स कंपनीच्या भागीदारींत स्वतःची वाहिनी काढली. तिच्या उत्पन्नाची खरी गोम जाहिरातींत नव्हती. केबल कंपनीनें आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागें वाहिनीला दरमहा ठराविक रक्कम द्यावयाची असा करार होता. संघाचीं विद्यापीठें ज्या राज्यांत आहेत तेथें हा दर घरटीं सुमारें एक डॉलर, बाहेर कांहीं सेंट. तें घर सामना पाहतें कीं नाहीं, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

ही युक्ति साधल्यावर पुढची पायरी सुचणें अपरिहार्यच होतें. संघांत नवें विद्यापीठ घ्यावयाचें तें खेळांत तरबेज आहे कीं नाहीं ह्यापेक्षां त्याच्या भोंवतीं घरें किती आहेत हें पाहावें. २०१४ मध्यें बिग टेननें रटगर्स व मेरीलंड हीं दोन विद्यापीठें आपल्यांत घेतलीं. पहिलें न्यू यॉर्कच्या शेजारचें, दुसरें वॉशिंग्टनच्या. अमेरिकेंतील दोन कॉलेजांमधला पहिला फुटबॉलचा सामना १८६९ मध्यें रटगर्सच्याच भूमीवर झाला हें खरें, पण दीडशें वर्षांपूर्वींच्या त्या पराक्रमासाठीं कोणी त्याला बोलावलें नव्हतें. न्यू यॉर्कच्या लक्षावधि घरांच्या बिलांत एक ओळ वाढविण्याची किल्ली त्याच्या हातीं होती. दक्षिणेकडील संघाची वाहिनी त्याच वर्षीं निघाली, अटलांटिक किनाऱ्यावरील संघाची २०१९ मध्यें.

पॅसिफिक किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांनीं २०१२ मध्यें आणखी धाडस केलें. भागीदार कशाला, वाहिन्या सर्वस्वीं आपल्याच मालकीच्या असाव्यात आणि नफाहि सगळा आपल्याच घरीं यावा, असें त्यांनीं ठरविलें. एक देशभराची व सहा प्रांतिक अशा सात वाहिन्या काढल्या. आमच्या दुधनीच्या तुरीच्या बाजारांतील कोणत्याहि शेतकऱ्यानें त्यांना सांगितलें असतें कीं, अडत्याला टाळून माल विकणें ही मोठी आकर्षक कल्पना आहे, पण गिऱ्हाईक अडत्याच्याच ओट्यावर येतें. उपग्रहावरून वाहिन्या पुरविणाऱ्या एका बड्या कंपनीनें त्या वाहिन्या अखेरपर्यंत घेतल्याच नाहींत. त्यांतच लोक केबल तोडूं लागले. आमच्या भाच्यानेंहि तोडली. हातांतल्या फोनवर हवें तें दिसत असतां न पाहिलेल्या खेळाचा डॉलर कोण भरतो? ३० जून २०२४ रोजीं त्या सातही वाहिन्या बंद झाल्या आणि त्याच उन्हाळ्यांत बारांपैकीं दहा विद्यापीठें संघ सोडून गेलीं. लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनीं बिग टेनचा आश्रय घेतला. आतां तेथील पोहणारीं व व्हॉलीबॉल खेळणारीं मुलें संघाच्या सामन्यांसाठीं रटगर्सपर्यंत जाऊं शकतात. तें अंतर काश्मीरहून कन्याकुमारीला जाण्याहून जास्त आहे.

हें सारें ऐकून वाचक म्हणतील, अमेरिकेचें वैभव अमेरिकेला लखलाभ. दुधनीशीं ह्याचा काय संबंध? संबंध त्या उजव्या गुडघ्याचा आहे.

टेलिव्हिजन नवा असतांना अमेरिकन विद्यापीठांना त्याची भीति वाटली होती. घरबसल्या सामना दिसला तर तिकीट काढून कोण येईल, म्हणून १९५१ मध्यें त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनें सामने दाखविण्यावर निर्बंध घातले. ते तीसहून अधिक वर्षें टिकले. १९८४ मध्यें ओक्लाहोमा व जॉर्जिया येथील विद्यापीठांनीं चालविलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं ते मक्तेदारीविरोधी कायद्याविरुद्ध ठरविले, आणि मग प्रत्येक संघ आपापला माल घेऊन बाजारांत उतरला. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ति व्हाइट होते, आणि ते स्वतः विद्यार्थिदशेंत नामांकित फुटबॉलपटु होते. कॉलेजचा खेळ हा नुसता व्यापार नव्हे असें त्यांचें म्हणणें. मैदानावर उतरलेल्या माणसाला तें अधिक कळलें असावें, असें आम्हांस आपलें वाटतें.

त्या जुन्या भीतीची चेष्टा आम्हींहि केली असती. पण तिचा पडताळा आम्ही दुधनींतच घेऊन बसलों आहों. वीस वर्षांपूर्वीं आमच्याकडे कॉलेजच्या जिमखान्याचा कारभार होता. येथील तरुणांनीं कबड्डीचे सामने भरविले आणि आमचा संघ आला. तिकीट नव्हतें, मैदानाच्या तोंडाशीं एक पेटी ठेवलेली असे. तींत पडेल त्यांतून पाहुण्या संघांचें गाडीभाडें, रात्रीचें जेवण आणि कोणास दुखापत झाली तर औषधपाणी भागत असे. त्या वर्षीं गांवांतील एका केबलवाल्यानें हे सामने आपल्या गांवकीच्या वाहिनीवर दाखविण्याची परवानगी मागितली. एरवीं त्या वाहिनीवर गणपतीची मिरवणूक आणि बड्या घरचीं लग्नें दिसत. संयोजकांनीं आमचें मत विचारलें. आमचें उद्घाटनाचें भाषणहि संपूर्ण दाखविलें जाईल असें तो म्हणाला होता. मोह लहान नव्हता. आम्हीं होकार दिला.

पहिल्या दिवशीं मैदान भरलें. दुसऱ्या दिवशीं निम्में. उपांत्य सामन्याच्या संध्याकाळीं थंडी होती आणि लोक घरोघरीं पांघरुणांत बसून सामना पाहत होते. मधूनमधून एका खताच्या दुकानाची जाहिरात दाखविली जात होती. त्याच सामन्यांत आमच्या ह्या विद्यार्थ्याचा गुडघा पिरगळला. पेटी उघडली तेव्हां तींत गाडीभाड्यापुरतेंहि धड नव्हतें. केबलवाल्यानें दोन नारळ व एक हार दिला होता. आम्हीं पदरचे थोडे घातले. फार नव्हते, हें येथें कबूल केलें पाहिजे. सोलापुरास तज्ज्ञाला दाखविण्यास महिना लागला, आणि तोंवर जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें.

न पाहणाऱ्यानें पैसे द्यावेत ह्यांत आम्हांस मुळांत अन्याय दिसत नाहीं. जिमखान्याची फी आम्हीं स्वतः वर्षानुवर्षें प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतली. खेळणारे त्यांत मूठभर. त्याच फींतून कोणी गरीब मुलगी भाला फेकावयास आंतरविद्यापीठीय सामन्यांना जाऊन आली. अमेरिकेंतहि फुटबॉलच्या पैशावर पोहणारे, धावणारे, कुस्तीगीर पोसले जातात. प्रश्न एवढाच कीं, तो पैसा मैदानापर्यंत पोंचतांना वाटेंत किती ठिकाणीं उतरतो. तेथें तो शिक्षकांच्या व संघचालकांच्या पगारांत उतरला, नव्या इमारतींत उतरला. खेळाडूला मात्र फार काळ शिष्यवृत्तीपलीकडे कांहीं घेण्याची मनाई होती. २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें नऊच्या नऊ मतांनीं त्या बंधनांपैकीं कांहीं मोडून काढलीं. २०२५ च्या जूनमध्यें मंजूर झालेल्या तडजोडीनें जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारें २.८ अब्ज डॉलर द्यावयाचें ठरलें, आणि २०२५-२६ सालासाठीं प्रत्येक विद्यापीठास आपल्या खेळाडूंत दोन कोटी पांच लाख डॉलरपर्यंत वांटण्याची मुभा मिळाली. गुडघे गेलेले किती जण तोंवर कशाकशाच्या वसुलीला लागले असतील तें आम्ही मनांतल्या मनांत मोजतों.

आपल्याकडे कॉलेजच्या खेळाला बाजारच नाहीं. रोहिंटन बारिया ढालीसाठीं विद्यापीठें १९३५ पासून झुंजत आलीं, गावसकरांसारखे फलंदाज त्यांतून वर आले. पण ती ढाल पाहण्यासाठीं कोणी गठ्ठा विकत घेत नाहीं. तिकडे २०२२ मध्यें आय. पी. एल.च्या पांच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस गेले. पण कबड्डी मात्र २०१४ पासून व्यावसायिक स्पर्धेच्या रूपानें त्याच गठ्ठ्यांत येऊन बसली आहे. खेड्यांतून आलेले चढाईबहाद्दर तिच्यांत बोलीनें विकत घेतले जातात आणि घरीं पैसे पाठवितात. त्यांचा तो मोबदला आमच्यासारख्या न पाहणारांच्या वर्गणींतूनहि जातो, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

पावती फाडून झाल्यावर त्यानें पेन कानामागें खोंचलें व विचारलें, “सर, तुमच्याकडं कबड्डी लागते ना? संध्याकाळीं सामना आहे. आमच्या घरीं पोरं कार्टून सोडत नाहींत.”

आम्ही या म्हटलें. कोणत्या क्रमांकावर लागते तें आम्हांस ठाऊक नव्हतें. संध्याकाळीं तो आला, क्रमांक त्यानेंच लावला, आणि उजवा पाय लांब करून भिंतीला टेकून बसला. कोपऱ्यांतल्या गड्यानें पाऊल मागें घेतलें कीं तो आम्हांस बोटानें दाखवी.