पातं कुणाचं, बोट कुणाचं

पोर्टलंडच्या ज्या सामायिक वर्कशॉपमध्ये मी यंत्रं सांभाळतो, तिथे एक वाद कधी शिळा होत नाही. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर निघालेल्या फिरत्या पात्याच्या करवतीवर, बोट वाचवणारी यंत्रणा सरकारने सक्तीची करावी का? वर्गणी भरून येणारे बहुतेक जण हौशी. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी नर्स, काही जण बांधकामावर राबणारे. वादात सगळ्यात ठाम आवाज एका म्हाताऱ्या सुताराचा. उभी हयात लाकडात गेलेली, दहाही बोटं शाबूत. त्याचं म्हणणं साधं: ज्याला पात्याचा मान राखता येत नाही त्याने पात्यासमोर उभं राहू नये, आणि तो राखायला शिकवणं हे उस्तादाचं काम, सरकारचं नाही.

मी सांगलीच्या फर्निचर कारखान्यात वाढलो. हे वाक्य मी लहानपणापासून मराठीत ऐकत आलोय. त्यात तथ्य नाही असं मला कधीच वाटलं नाही. लक्ष ठेवणारा सुतार आणि बेफिकीर सुतार यांच्यातला फरक यंत्र चालू व्हायच्या आधी, तो फळी कशी हातात घेतो यावरूनच कळतो.

पण लक्षाचा वेग आणि पात्याचा वेग यांचा मेळ बसत नाही. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर त्याचा दात ताशी 190 किलोमीटरने धावतो. माणसाला धोका दिसून हात मागे यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात पातं तेराएक वेळा फिरून जातं. किकबॅकमध्ये तर हात मागे घ्यायचा प्रश्नच उरत नाही. चिरताना फळीतला ताण सुटून ती मिटते, पात्याच्या मागच्या दातांत सापडते आणि उसळून सुताराच्या अंगावर येते. ज्या लाकडावर हाताचा भार होता ते लाकूडच हाताखालून निघून जातं, आणि हात पात्याकडे जातो. इथे चूक झाली असेल तर ती लाकूड निवडताना किंवा फेन्स, म्हणजे फळीला दिशा देणारी पट्टी, लावताना. हात कापला जातो त्या क्षणी चूकही नसते आणि निवडही नसते.

हे त्या म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एका संध्याकाळी तोच सॉवर होता. खाचा पाडायच्या म्हणून त्याने गार्ड काढला होता, आणि गार्ड काढल्याशिवाय ते काम होतही नाही. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. मी धावत गेलो तेव्हा पातं टेबलाखाली गेलेलं आणि तो अंगठ्याकडे बघत उभा होता. कातडीवर नखाने ओरखडावं तेवढी रेघ. रक्ताचा एक थेंब. मी त्याला स्टूलवर बसवलं, पाणी दिलं आणि खालचं झाकण उघडलं. ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत रुतून बसला होता.

आमच्या सॉवर बसवलेल्या या ब्रेकचं तत्त्व सोपं आहे. पात्यात सतत एक बारीकसा विद्युत संकेत खेळवलेला असतो. कोरडं लाकूड वीज वाहून नेत नाही. माणसाचं शरीर नेतं. बोट लागलं की संकेत बदलतो, एक तार वितळते, दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि तो ठोकळा पात्यात घुसतो. पाच मिलिसेकंदांत पातं थांबतं आणि त्याच्याच वेगाच्या झटक्याने खाली ओढलं जातं. ओलं लाकूड किंवा खिळा लागला तरी कधी कधी ठोकळा सुटतो. मग शंभर डॉलरच्या आसपासचा भाग आणि वर पातंही फुकट. ही तक्रार खरी आहे. आमच्याकडे त्याचा हिशेब मीच ठेवतो.

1999 मध्ये हे ज्याने शोधलं तो स्टीव्ह गॅस भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला पेटंट वकील आणि हौशी सुतार. प्रात्यक्षिकात तो पात्याला सॉसेज लावून दाखवायचा. पुढे त्याने स्वतःचं बोटही लावलं. मोठ्या कंपन्यांनी बघितलं, बोलणी केली, घेतलं मात्र नाही. मग त्याने आणि त्याच्या साथीदारांनी इथे ओरेगनमध्येच सॉस्टॉप ही स्वतःची कंपनी उभी केली, आणि 2003 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे सक्तीसाठी अर्ज केला. याच आयोगाच्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत वर्षाला 30,000 च्या आसपास माणसं टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पोहोचतात, आणि त्यातल्या काही हजारांचं बोट किंवा बोटाचा भाग जातो. पण वीस वर्षं उलटली तरी सक्ती आलेली नव्हती.

अडलं ते केवळ कंपन्यांच्या हट्टामुळे असं म्हणणं सोपं आहे. पण विरोधातला एक मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. सक्ती मागणाऱ्याच्या हातातच पेटंटं होती. बॉश कंपनीने वेगळ्या पद्धतीने, ठोकळ्याऐवजी गॅसच्या काडतुसाने पातं खाली पाडणारा सॉ आणला. पेटंटभंगाच्या दाव्यानंतर 2017 मध्ये त्याची अमेरिकेतली आयात बंद झाली. लोकांच्या बोटांसाठी कायदा मागायचा आणि दुसऱ्याने बोटं वाचवली तर त्याला दारातून परत पाठवायचं, हे मला पटलेलं नाही. आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये नियमाचा सुधारित मसुदा काढला. त्यानंतर 2024 मध्ये, नियम लागू झाला तर आपलं मुख्य पेटंट सगळ्यांना खुलं करू, असं सॉस्टॉपने जाहीर केलं. हे पुष्कळ आधी व्हायला हवं होतं.

त्या संध्याकाळनंतर म्हातारा बदलला का, असं इथले लोक मला विचारतात. नाही बदलला. घरच्यासाठी त्याने ब्रेकवाला सॉ घेतला, पण सक्तीला त्याचा विरोध कायम आहे. तो म्हणतो, "मला परवडला, मी घेतला. तीन-चारशे डॉलरचा सॉ बाजारातून गेला तर नव्या पोराने काय करायचं? तो हातातली सर्क्युलर सॉ फळीखाली उलटी बांधेल आणि तिच्यावर चिरेल."

हे ऐकून मी गप्प झालो, कारण तो जे भविष्य म्हणून सांगत होता ते मी सांगलीत रोज बघितलं होतं.

माझा धाकटा भाऊ आमचा कारखाना चालवतो. चार मिस्त्री, दोन हेल्पर. फ्लॅटमधल्या साइटवर जाताना टेम्पोत प्लाय, सनमायका, फेविकॉलचे डबे आणि एक लाकडी ठोकळेवजा टेबल असतं. त्याच्या पोटात कटर मशीन उलटं बसवलेलं, पातं वर निघालेलं. गार्ड नाही, फेन्स म्हणजे शिकंज्याने आवळलेली पट्टी, आणि स्विच खाली वाकून हाताने बंद करायचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नव्या इमारतीत जा, हे टेबल सापडेल. आमच्या एका मिस्त्रीच्या तर्जनीचं पेर अशाच टेबलावर गेलं. रात्रीचे नऊ वाजले होते, दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश होता. तो स्वतः म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं, मालक." सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय संपला.

माझ्या मनातला विषय तिथूनच सुरू झाला. ते टेबल त्याने निवडलं नव्हतं. रात्री नऊपर्यंत थांबायचं त्याने ठरवलं नव्हतं. गृहप्रवेशाची तारीख त्याची नव्हती. त्याच्या वाट्याला आलं होतं ते फक्त लक्ष, आणि चौदाव्या तासाला तेही संपलं होतं.

बोस्टनमधला एक खटला मी त्यानंतर वाचला. लाकडी फरशा बसवणाऱ्या एका कामगाराचा हात टेबल सॉवर निकामी झाला. तो सॉ त्याच्या मालकाने दुकानातून स्वस्तात आणला होता. 2010 मध्ये ज्यूरीने सॉ बनवणाऱ्या कंपनीला पंधरा लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली, आणि पुढच्या वर्षी अपिलातही निकाल टिकला. कामगाराची हयगयही ज्यूरीने मान्य केली होती. तरी रचनाच सदोष असल्याचा ठपका कंपनीवर राहिला. माणूस चुकला आणि यंत्रही अपुरं होतं, या दोन्ही गोष्टी एकाच निकालात मावल्या. त्या म्हाताऱ्याशी वाद घालताना मला हेच सांगायचं असतं. तो स्वतःचा सॉ स्वतःच्या पैशाने घेऊन स्वतःच्या बोटावर जोखीम घेतो, आणि त्याच्यापुरती जबाबदारीची भाषा पूर्ण आहे. पण सॉ एकाने विकत घ्यायचा आणि बोट दुसऱ्याचं, असं झालं की ती जबाबदारी आधी विकणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे मागायला हवी. म्हणून मला सक्ती हवी आहे, पेटंट खुलं करण्याच्या अटीसकट. आयोगाने सूचना मागवल्या तेव्हा मी हेच लिहून पाठवलं.

आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 21, तो कायदा 2025 मध्ये रद्द होईपर्यंत, यंत्राचा धोकादायक भाग झाकायला सांगायचं. पण मूळ कायद्यात वीज वापरणारा कारखाना मोजला जायचा तो किमान दहा कामगार असतील तेव्हा. आमचे सहा जण त्याच्या बाहेर, आणि टेम्पोतलं टेबल तर कुठल्याच हिशेबात नव्हतं.

गेल्या वेळी घरी गेलो तेव्हा भावाशी दोन रात्री बोललो. त्याने हिशेब मांडला: ब्रेकवाला सॉ आयात करायचा, ओलसर प्लायवर त्याचा ठोकळा सुटणार, सुटे भाग मिळणार कुठे? ते मला मान्य करावं लागलं. शेवटी कारखान्यासाठी सरकत्या टेबलाचा पॅनल सॉ घ्यायचं ठरलं. त्याला मागे रायव्हिंग नाइफ असतो, फळी मिटू देत नाही, आणि चिरताना हात पात्यापासून लांब राहतात. शीट आता कारखान्यातच मापाने कापून साइटवर न्यायच्या. मिस्त्रींनीच सुचवलं की रात्री आठनंतर पातं चालवायचं नाही. भावाने ते फळ्यावर लिहिलं.

पण भिंत वाकडी निघते. कारखान्यात मापाने कापलेली शीट जागेवर सूतभर जास्त भरते, आणि मग कापावंच लागतं. भाऊ म्हणतो, "दादा, त्या सूतभरासाठी मी टेम्पो परत पाठवू?" त्यामुळे उलटं टेबल अजून टेम्पोत आहे. त्याच्या जागी मार्गदर्शक पट्टीवर सरकणारी प्लंज सॉ घ्यायची असं मी सुचवलंय, तिचं पातं काम नसताना झाकणात राहतं. भावाने किंमत विचारून ठेवलीय. दर रविवारी फोनवर मी तोच विषय काढतो.