पंप उघडायच्या आधी

पुण्यात मार्केट यार्डाजवळ डिझेल पंप आणि नोझलची कामं करणाऱ्याचं घड्याळ बाजारावर चालतं. तरकारीच्या गाड्या रात्री लागतात, पहाटे माल विकला जातो आणि आडत्याकडे पट्टी होईपर्यंत शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. त्या वेळात कुणी 'कष्टाची भाकर'वर दोन घास खातो, कुणी बियाण्याच्या दुकानात जातो आणि कुणी टेम्पोच्या केबिनमधून पिशवी काढून माझ्याकडे येतो. पिशवीत खताच्या गोणीचा तुकडा, त्यात गुंडाळलेलं नोझल, कधी अख्खा पंप. शनिवारी बाजार बंद असतो, तेव्हा मी मोठी कामं उरकतो. रविवारी आवक दांडगी, त्यामुळे माझ्या दुकानापुढेही गर्दी.

इंजिन मात्र गावातच असतं. पुरंदरला वाटाण्याच्या रानात, यवतला उसाच्या बांधावर, नाहीतर नारायणगावला टोमॅटोच्या प्लॉटशेजारी. माझ्यापुढे येतो तो त्याचा एक पार्ट आणि मालकाच्या तोंडची हकिकत. एवढी वर्षं हे काम करून माझं मत पक्कं झालंय की आधी हकिकत ऐकायची, पार्टला नंतर हात लावायचा. पुष्कळदा पिशवीतला पार्ट चांगला असतो आणि बिघाड गावात, इंजिनावरच राहिलेला असतो. पार्ट उघडून, नवा एलिमेंट टाकून हजारांचं बिल करणं सोपं आहे. पण ते बिल ज्या पट्टीतून जातं ती पट्टी कशी होते, हे मी रोज बघतो. कोथिंबिरीच्या जुडीला कधीकधी काढणीची मजुरीसुद्धा सुटत नाही.

सासवडकडचे एक काका ट्रॅक्टरचा पंप घेऊन आले होते. गावातल्या कुणीतरी सांगितलं, पंप गेला, नवा टाका.

"काय होतं नक्की?" मी विचारलं.

"अर्धा-पाऊण तास झकास चालतो, मग मान टाकतो. थोडं थांबलं की पुन्हा चालू."

"बंद पडल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? टाकीचं झाकण उघडून डिझेल हाय का बघतो."

"उघडताना फुस्स असा आवाज येतो का?"

काका जरा थांबले. "येतो की. तुम्हाला कसं कळलं?"

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल जसं खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत जायला हवी. भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल उतरायचं थांबतं. काका डिझेल बघायला झाकण उघडायचे, त्याच वेळी हवा आत जायची आणि ट्रॅक्टर पुन्हा अर्धा तास चालायचा. पंप तपासला, तो ठीक होता. तसाच बांधून दिला आणि म्हटलं, घरी गेल्यावर झाकणाचं भोक तारेने मोकळं करा. संध्याकाळी फोन आला. कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर केलं होतं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा अर्थ मात्र बिघाड शोधताना विसरला जातो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती भयंकर तापते, मग तिच्यात डिझेलची बारीक फवारणी करायची, ते आपोआप पेट घेतं. पाच हॉर्सपॉवरच्या जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनात हवा साडेसोळा पट दाबली जाते. म्हणजे हवा पुरेशी हवी, ती दाबली गेली पाहिजे, डिझेल स्वच्छ हवं आणि ते योग्य वेळी बारीक फवाऱ्याने पडलं पाहिजे. चालू न होणं, ओढ न काढणं, धूर मारणं यातलं बरंचसं या चौघांपैकी कुणीतरी काम सोडल्यामुळे होतं. हवेचा फिल्टर आणि डिझेलचा फिल्टर बांधावर बसून बघता येतो, त्याला खर्चही नाही. पंप आणि कॉम्प्रेशन महाग, म्हणून ते शेवटी.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे इंजिनाने एअर धरली. टाकी पार कोरडी झाली, मग डिझेल ओतलं, आता सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. यात बिघडलेलं काहीच नसतं, नळीत हवा अडकलेली असते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा, हँड प्रायमर दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकसंध धार. धार आली की प्रायमर दाबत दाबतच स्क्रू आवळायचा. तेच पंपाच्या स्क्रूला. शेवटी नोझलकडच्या नळीचा नट सैल करून इंजिन फिरवायचं. नटातून डिझेल उसळायला लागलं की आवळून टाका.

एअर काढली तरी दोन दिवसांत परत धरते, मग मात्र शोधावं लागतं. शेतकरी सांगतो, "कुठं थेंबसुद्धा गळत नाही हो." फीड पंप जिथून डिझेल ओढतो त्या बाजूच्या नळीला चीर असली तर तिथून डिझेल बाहेर येईलच असं नाही. तिथून हवा आत खेचली जाते. रबरी नळी क्लिपापाशी वाकवून बघायची, उन्हाने तडकलेली असली की लगेच दिसतं. तांब्याचे वायसर दर वेळी नवे टाकायला सांगतो. एकदा दाबून चपटा झालेला वायसर पुन्हा नीट बसेलच असं नाही.

वायसरवरून मुळशीकडच्या एक मावशी आठवतात. नवरा पायाने अधू, त्यामुळे ओढ्यावरचं इंजिन त्या स्वतः चालवायच्या. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, नाहीतर इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर कधी सोडायचा हेही त्या हाताच्या अंदाजाने ओळखायच्या. नोझल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, आधी बरं चालायचं. नोझल काढून साफ केलं, नवा वायसर टाकला, तेव्हापासून धूर. पांढरा धूर, आणि डोळ्याला झोंबतो."

इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळतंय. मी नोझल टेस्टरला लावलं. हात मारला, काटा 200 बारच्या आसपास गेला आणि कर्र करून फवारा सुटला. चारी बाजूंना सारखा, धुक्यासारखा, आणि टोकाला थेंबही राहिला नाही. म्हणजे नोझल निर्दोष. (हा फवारा बघताना पुढे कुणाचाही हात येऊ देत नाही. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठायचा.)

मग मी विचारलं, "जुना वायसर कुठाय?"

"तो निघालाच नाही वाटतं नोझलबरोबर. मिळालाच नाही."

मिळणार कसा? काजळीने धरलेला जुना वायसर हेडमधल्या भोकाच्या तळाशीच राहिला होता आणि त्याच्यावर नवा बसला होता. दोन वायसरांमुळे नोझल वर उचललं गेलं. फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायचा तिथे पडेना. तार वाकवून आकडा कसा करायचा आणि जुना वायसर कसा उचकटायचा ते त्यांना दाखवलं. तपासणीचे पैसे त्या हट्टाने देऊन गेल्या.

धुराचा रंग म्हणूनच मी प्रत्येकाला विचारतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. मळणीच्या दिवसांत आलेला काळा धूर मी आधी एअर फिल्टरच्या खात्यात टाकतो. ऑईलच्या वाटीचा फिल्टर असेल तर वाटीत चिखल झालेला असतो. ते ऑईल बदललं की इंजिन ओढायला लागतं. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल तर नोझल थेंब सोडतंय का बघायचं, आणि औजार ट्रॅक्टरच्या ताकदीपेक्षा मोठं जोडलंय का हेही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खातंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची गाईड. पण फिल्टरच्या वाटीत खुणेच्या वर ऑईल भरलं तरी निळा धूर येतो. हेड खोलायच्या आधी ते बघावं. थंडीत पहाटे थोडा वेळ पांढरा धूर येऊन गेला तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही तो राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होत असलं आणि पाण्यात बुडबुडे दिसले, तर हेड गॅसकेट. डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ ऑईल दिसलं तर पुन्हा सेल्फ मारू नका.

गरम होण्याच्या तक्रारी मळणीलाच जास्त. रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो, पट्टा सैल असतो, बोअरचं क्षाराचं पाणी घातल्याने आत खपली धरते. एका गोष्टीवर मात्र माझं वाजतं. इंजिन गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला बिनधास्त दिला जातो. थर्मोस्टॅट नसलं की इंजिनाला तापायला फार वेळ लागतो, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ते ऑईलमध्ये उतरतं आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात.

पंप खरोखर गेलेला असतो तेव्हा कारण बहुधा पाणी नाहीतर घाण असतं. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करावी. तिथे वंगणाला वेगळं ऑईल नसतं, डिझेलच वंगण. त्यात पाणी आलं की प्लंजरवर गंजाचे डाग पडतात, उभे चरे येतात आणि गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला त्रास देतं. पूर्वी रेशनचं निळं रॉकेल मिसळलेलं डिझेल सर्रास यायचं, त्याने पंपामागून पंप खाल्लेले मी पाहिलेत. आता ते कमी झालंय, पण सुट्या कॅनमधलं डिझेल अजून घात करतं. एका पेट्रोल पंपावरून भरलेल्या कॅनच्या तळाशी बोटभर पाणी होतं. मालकाने बाटलीत धरून मला दाखवलं, तेवढा एकच पुरावा त्याच्या हातात होता आणि त्याला कुणी दाद दिली नाही. त्या माणसाचा हंगाम हुकला. याचा राग मला आजही येतो.

म्हणून सांगतो, कॅन किंवा बॅरल रात्रभर स्थिर ठेवा आणि तळाचं डिझेल ओतू नका. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळीच भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री दहिवर धरतं. पावसाळ्यात सेडिमेंटरच्या वाटीतलं पाणी वरचेवर सोडा. आणि प्लंजर स्वतः काढलाच तर जुन्या बनियनमध्ये गुंडाळून आणू नका. त्याचा एक तंतूसुद्धा नडतो. स्वच्छ डिझेलच्या डब्यात, ज्या बॅरलचा त्याच बॅरलसोबत. दोन प्लंजरांची अदलाबदल चालत नाही, ते जोडीनेच घासलेले असतात.

खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरचं इंजिन म्हणजे किर्लोस्कर अशी आमच्या जिल्ह्यात बोलायची पद्धत पडली. ती 1500 फेऱ्यांवर ठोका धरून चालणारी इंजिनं वीज आल्यावर गोठ्यात गेली, लोडशेडिंगमध्ये पुन्हा बाहेर आली. आजही त्यांची नोझलं माझ्याकडे येतात आणि त्यांचा स्वभाव सगळ्या जुन्या ट्रॅक्टरांना लागू पडतो.

नव्यांना लागू पडत नाही. जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरचे ट्रॅक्टर नव्या धुराच्या नियमांनी येतात, त्यांत बहुतेक कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल देणारी एकच सामाईक नळी आहे. त्या नळीत हजार बारच्या वर दाब असतो. दौंडकडचा एक तरुण वडिलांनी शिकवल्याप्रमाणे नट सैल करून एअर काढणार होता. सुदैवाने आधी फोन केला. मी म्हटलं, "बाळा, इंजिन चालू असताना किंवा फिरत असताना त्या नळीला पाना लावायचा नाही. फिल्टर बघ, पाण्याची वाटी सोड, बॅटरीची टोकं घट्ट आहेत का बघ, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागलाय त्याचा फोटो काढ." डिझेल फिल्टर वेळेवर बदलला नव्हता, एवढंच निघालं. त्यापुढचं असतं तर स्कॅनर असलेल्याकडेच पाठवलं असतं. माझ्याकडे त्याचा टेस्टर नाही आणि अंदाजाने त्या नोझलला हात लावणं मला पटत नाही.

आता पुष्कळ जण पार्ट खोलायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. मी एवढंच सांगतो की इंजिन थंड असताना चालू करतानाचा, तापल्यावरचा आणि लोडवरचा असे तीन तुकडे पाठवा, सायलेन्सर दिसू दे आणि मागे गाणं लावू नका, ठोका ऐकू येत नाही. निम्म्या लोकांना त्यावरच उत्तर मिळतं आणि पिशवी आणावी लागत नाही.